आजची भरती

"धुवन हाडलंय गो वृंदा, चांगलो गोड्या पाण्यान," असं म्हणून शेवंताकाकीनं फोन काउंटरवर ठेवला. त्याच्या पोटातून पाणी निघून काचेवर पसरलं.

मी फडकं शोधत विचारलं, "काकी, फोन कोण धुता?"

"खाडयेत पडलो. कालवां फोडताना कमरेचो सुटलो. मगे घरी नेऊन बालदीत घातलंय. जाळा धुतंव, इंजिन धुतंव. खाऱ्या पाण्यातसून इलेला गोड्या पाण्यान धुवचाच लागता. नायतर गंजता."

तेव्हा मालवणच्या बाजारात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. तांदळाच्या डब्यात पुरलेले, उन्हात पापडासारखे वाळत घातलेले, एकदा तर बेसनात घोळलेला, असे सगळे फोन मी पाहिले होते. बालदीत धुवून आणलेला हा पहिला. तरी काकीचं अगदीच चुकलं नव्हतं. मीठ फोनला पाण्याहून वाईट. फक्त तिनं तो अर्धा तास बुडवून ठेवला होता आणि वर साबण लावला होता.

"साबू जरासोच लावलंय," ती म्हणाली.

काकी खाडीपलीकडच्या वाडीत एकटी राहायची. नवरा केव्हाच वारलेला. मुळे, कालवं असले खाडीतले शिंपले काढून ती बाजारात विकायची. तिचा एकुलता मुलगा मंदार जहाजावर इलेक्ट्रिकलच्या कामाला होता. सहा वर्षांपूर्वी, आफ्रिकेच्या पलीकडे कुठेतरी, तो जेवणानंतर डेकवर गेला आणि परत आला नाही. पाच दिवस शोधाशोध झाली. काही सापडलं नाही.

हा फोन त्यानंच तिला दिला होता. त्यात त्यानं स्वतः बनवलेलं एक अ‍ॅप होतं. काकीला वाचता येत नसे, म्हणून पडद्यावर नुसता एक हिरवा मासा. माशावर बोट ठेवलं की मंदारचा आवाज त्या दिवसाची भरती-ओहोटी सांगे.

मी फोन खोलला, गरम हवेनं तासभर वाळवला. बॅटरी फुगून पाव झाली होती. चार्जर लावला तर चालू होई, काढला की मान टाकी. अर्धा पडदा काळा. काळ्याच्या कडेला हिरवा मासा मात्र शिल्लक होता. काकीनं त्यावर बोट ठेवलं.

"आये, आज एकादस. भरती सव्वाआठाक, सुकती सव्वादोनाक. सांभाळून जा."

मी खाली मान घालून स्क्रू गोळा करत राहिले. स्क्रू चारच होते.

"ह्यो काय टिकाचो नाय, काकी. चार-पाच दिवस काढीत. नवो घेवचो लागात."

"नवो दी नायतर जुनो दी. मंदार बोलाक व्हयो."

मला ते दहा मिनिटांचं काम वाटलं. जुन्यातून अ‍ॅपची फाइल काढायची, नव्यात टाकायची, बसवायची. अशी शेकडो अ‍ॅपं मी चढवली होती. मी नवा फोन खोक्यातून काढला, फाइल टाकली, बटण दाबलं. पडद्यावर ढालीचं चित्र आलं आणि खाली मजकूर: तुमच्या सुरक्षिततेसाठी हे अ‍ॅप बसवता येणार नाही. निर्मात्याची ओळख पटलेली नाही.

नवा नियम आल्याचं मी ऐकून होते. फोनच्या बाजारातून, म्हणजे कंपनीच्या अधिकृत स्टोअरमधून अ‍ॅप घ्या, नाहीतर बाहेरचं घ्यायचं असेल तर ज्यानं ते बनवलं त्यानं आपलं नाव, गाव, ओळखपत्र कंपनीकडे नोंदवलेलं पाहिजे. चोरांची अ‍ॅपं लोकांच्या फोनमध्ये शिरू नयेत म्हणून. नियम वाईट नव्हता. आमच्याच गल्लीतल्या दोघांना असल्या अ‍ॅपनं बुडवलं होतं. पण तो शेवंताकाकीच्या आड येईल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी आडवाटा करून पाहिल्या, केबल लावून कॉम्प्युटरवरून ढकलून पाहिलं. त्या नव्या फोनवर तीही वाट बंद होती.

"काय म्हणता तो?" काकीनं विचारलं.

"ज्यान ह्या बनवल्यान तेची वळख पटाक व्हयी म्हणता."

"मगे सांग ना तेका. माझो झिल तो. वळख कसली पटवची?"

मी म्हटलं, कंपनीला पत्र लिहिते. ती जुना फोन चार्जरवर तसाच ठेवून गेली. तर सुटेल म्हणाली. खाडी ओलांडायची होडी, तिला आमच्याकडे तर म्हणतात, आणि ती चुकली की काकीला पुलावरून पाच कोस वळसा पडे.

आता माझं सांगायला हवं. मंदार आणि मी आयटीआयला एका वर्गात होतो. वर्गात मुली दोनच, त्यात मी भांडखोर, म्हणून सर मला नेहमी त्याच्या शेजारी बसवत. तो शांत. जहाजावरून सुट्टीवर आला की दिवसभर माझ्या दुकानात पडून असायचा. ते भरतीचं अ‍ॅप त्यानं माझ्याच कॉम्प्युटरवर बसून बनवलं. आकडे, तिथी, सव्वा, साडे, पावणे, एकेक शब्द वेगळा बोलून भरला. मागे बाजाराचा गलका नको म्हणून मी दोन दिवस शटर अर्धं ओढून ठेवलं होतं. लोकांनी काय बोलायचं ते बोलून घेतलं. शेवटच्या वेळी निघताना तो म्हणाला, "येतंय तेव्हा बोलूया." काय बोलायचं ते दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून मी घाई केली नाही. मला तो हवा होता. इतकं साधं वाक्य मी कोणापुढे उच्चारलं नव्हतं, त्याच्यापुढेसुद्धा नाही. घरच्यांना वाटे मला दुकानाचं वेड लागलंय. स्थळ आलं की मी नाक मुरडायची. कुडाळचं झालं, सावंतवाडीचं झालं. त्या महिन्यात बेळगावच्या एका मास्तरांचं चालू होतं.

दुसऱ्या दिवशी नऊच्या सुमाराला काकी परत आली. आधी माशावर बोट. "आये, आज बारस. भरती नवाक, सुकती तीनाक. सांभाळून जा." तिनं मान हलवली. कोणी समोर बसून सांगतंय आणि आपण ऐकतोय, अशी. मग विचारलं, "इला पत्र?"

पत्र कॉम्प्युटरवर आलं होतं. इंग्रजीत, बरंच लांब. मी वाचता वाचता तिला आपल्या भाषेत सांगत गेले. तुमच्या अडचणीबद्दल खेद आहे. नियम सर्वांना सारखा आहे. निर्मात्यानं स्वतः नोंदणी करावी. आणि पुढचं वाक्य असं होतं: निर्माता हयात नसल्यास वारसानं मृत्यूचा दाखला जोडून अर्ज करावा.

तिथे मी थांबले. खोकले.

"अजून काय लिवल्यानी?"

"काय नाय. नमस्कार-चमत्कार."

दाखला होता. सगळ्या वाडीला ठाऊक होतं. चौकशी संपल्यावर जहाजाच्या कंपनीनं नोंद करून तो टपालानं पाठवला होता. पोस्टमननं अंगठा घेतला, लखोटा दिला, आणि काकीनं तो न फोडता पेटीत टाकला. सरपंच येऊन गेले, भाऊबंद येऊन गेले. ती म्हणे, माझा मुलगा बाहेर आहे, त्याचा कागद मी कशाला वाचू. पाच वर्षं तो लखोटा तसाच होता. आणि खरं सांगते, तो तसाच होता म्हणून माझाही जीव तग धरून होता. आईच वाट बघतेय तर आपण कोण सोडून देणारे, असं मी मनाशी म्हणायची.

तिच्या मुलाचा आवाज हवा तर तो मेला म्हणून लिहून द्या, हे तिला मी कुठल्या तोंडानं सांगणार होते? मी दुसरं सुचवलं. "काकी, ह्यो आवाज मी नव्या फोनात टेप करून देतंय. कधीय दाबा, बोलात."

तिनं विचारलं, "तो काय बोलात?"

"ह्याच. आज बारस, भरती नवाक."

"ती आजची. उद्या ती शिळी झाली." तिनं फोनवर टोपलीतून उडालेले पाण्याचे शिंतोडे पदरानं पुसले. "माका रोज आजची व्हयी."

मला स्वतःलाही तीच हवी होती.

त्या दुपारी मी गिऱ्हाइकांना वाटेला लावून कॉम्प्युटरपुढे बसले. मंदारचं फोल्डर जसंच्या तसं होतं. मी ते उघडलं आणि मार्ग सापडला. ते सगळं नव्यानं बांधायचं आणि निर्माती म्हणून माझं नाव नोंदवायचं. माझं ओळखपत्र, माझा पत्ता, माझी सही. आवाज त्याचा, नाव माझं. दाखल्याची गरज नाही. फॉर्मच्या शेवटी एक चौकट होती: हे अ‍ॅप माझं स्वतःचं काम आहे. मी खूण केली. खोटं होतं. पण खूण करताना मला बरं वाटलं, हे लपवत नाही. त्याचं काहीतरी माझ्या नावावर होणार होतं. बटण मात्र दाबलं नाही. काकीला सांगून दाबू म्हटलं.

तिसऱ्या दिवशी ती पावणेदहाला आली. तेरस, भरती पावणेदहाक. ते ऐकताना मला एकदम काहीतरी खटकलं. एकादशीला ती सव्वाआठच्या पुढे आली होती, मी शटर उघडत असताना. बारशीला नऊला. आज पावणेदहाला. होडी उथळ खाडीत फक्त भरतीलाच चालते. म्हणजे भरतीची वेळ कळायला माझ्याकडे येणारी बाई भरतीची वेळ साधूनच येत होती.

"काकी, फोन हयसर. मगे भरती कधी ता तुमका घरी कसा कळता?"

ती हसली. अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवला. "तिथीची पाऊणपट. आज तेरा. तेराचे पाऊणपट पावणेदहा. ह्या शिकाक फोन कित्याक? मंदाराक मीच शिकवलंय. पयल्यांदा चुकलो. पुनवेच्या पुढे सोळा, सतरा मोजीत गेलो. म्हटलंय, बाबू, वद्यात परत एकापासून धर."

आमचं घर बाजारातलं, समुद्र आम्हांला संध्याकाळी फिरायला. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. मी इतके दिवस समजत होते की त्या अ‍ॅपवाचून ही बाई एखाद्या दिवशी पाण्यात अडकेल. तिला भरती सांगायची गरजच नव्हती. तिनं शिकवलेलं तो तिलाच म्हणून दाखवत होता, आणि ती रोज ते बरोबर आहे का ते ऐकत होती.

मग मी तिला माझा बेत सांगितला. वाटलं, खूश होईल.

"कोणाच्या नावार?" तिनं विचारलं.

"माझ्या. नुसता कागदोपत्री. आवाज तोच."

तिनं टोपली उचलली आणि ती गेली. तर सुटायला अजून वेळ होता.

चतुर्दशीला ती आलीच नाही. मी साडेदहापासून दारात. जुना फोन गरम व्हायला लागला होता, पडद्याचा काळा भाग माशाला टेकला होता. फॉर्म उघडा होता. दोनदा बटणावर बोट नेलं. आईनं घरून फोन करून मास्तरांचं काय कळवू म्हणून विचारलं. मी म्हटलं, कळव की मुलगी कजाग आहे. आई म्हणाली ते त्यांना आधीच कळलंय, तरी विचारतायत.

पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढे काकी आली. धुतलेलं लुगडं नेसली होती, टोपली नव्हती. माशाकडे तिनं पाहिलं नाही. बाकड्यावर बसली, पिशवीतून लखोटा काढला आणि माझ्यापुढे ठेवला.

"फोड."

मी हात मागे घेतले. "काकी, नको. मी फॉर्म भरलंय. एक बटण दाबूचा रवला हा."

"त्या दिवशी तू वाचता वाचता थांबलंस. येवढ्या लांब पत्रात येवढाच नसतला. पोस्टात जावन इचारलंय, गेलेल्या माणसाच्या कामाक काय लागता ता. मेल्याचो दाखलो व्हयो, असाच ना?"

"पण तेची गरज नाय. माझ्या नावार..."

"तुझ्या नावार नको." ती ठामपणे म्हणाली. "तेना केलेला तेच्या नावार रवांदे. आणि उद्या तुझा लगीन झाला, दुसऱ्या घरात गेलंस, तरी ह्या तुझ्या गळ्यात."

"माझा लगीन होवचा नाय."

"ताच म्हणतंय मी." तिनं पदर सावरला. "तुझी आवस माका बाजारात गावता. कुडाळचो इलो, नाय म्हटलंस. सावंतवाडीचो इलो, नाय म्हटलंस. आता बेळगावचो मास्तर. मी मुळे मोजताना गप आयकी होतंय. तेना मागच्या सुट्टीत माका सांगल्यान होता, आये, परत येतंय तेव्हा वृंदाच्या घरी जावया."

त्यानं सांगितलं होतं. मला सोडून सांगितलं होतं.

"तुमी कधी बोलूक नाय," मी कशीबशी म्हणाले. "तुमी लखोटो फोडूक नाय. माका वाटला, आवशीक वाटता तो येतलो, तर मी कशी सोडू? मी तुमच्यासाठी थांबलंय, काकी."

काकी माझ्याकडे बघतच राहिली.

"अगो, मी तुझ्यासाठी," ती म्हणाली. "तो गेलो ता माका त्याच वर्सा कळला. आवशीक कळता. पण तू हयसर बसान वाट बघतंस. मी लखोटो फोडलंय असता, तर तुझी आस मी माझ्या हातान मारलंय असती. म्हणान पेटीत ठेवलंय. म्हटलंय, चेडू थकात, आपणच उठात, मगे फोडूया. तू काय उठाक तयार नाय. सहा वर्सां."

आम्ही दोघी एकमेकींसाठी सहा वर्षं थांबलो होतो, आणि दोघींना वाटत होतं आपण समजूतदारपणा करतोय. कोणीतरी एकदा बोललं असतं तरी पुरे होतं. पण आमच्याकडे असलं बोलत नाहीत, मुळ्यांचा वाटा घेतात आणि जातात.

पुढचं आधीच सांगून टाकते. कंपनीला तेरा दिवस लागले. मंदारचं नाव निर्माता म्हणून नोंदलं गेलं, अ‍ॅप नव्या फोनवर चढलं, आणि काकी होती तोवर रोज आजची भरती ऐकत राहिली. मास्तर थांबले नाहीत, त्यांचं त्यात काही चुकलं नाही. मी दोन वर्षांनी लग्न केलं ते दुसऱ्यांशी, पण योगायोगानं बेळगावातच. माणूस चांगला आहे. सुखात आहे. तरी मंदार मला जसा हवा होता तसं मला पुन्हा काही हवंसं वाटलं नाही, आणि हे मी आता कोणी रागावेल या भीतीशिवाय लिहू शकते.

पण त्या पौर्णिमेला यातलं काहीच माहीत नव्हतं. समोर लखोटा होता. मी स्क्रू-ड्रायव्हरनं त्याची कड उकलली. कागद पिवळा पडला नव्हता, अगदी नवाकोरा होता.

"वाच," काकी म्हणाली. "माका समजात असा वाच."

मी वाचू लागले. मयताचं नाव. मंदार जगन्नाथ सारंग. लिंग, पुरुष. मृत्यूची तारीख. मृत्यूचं ठिकाण, खुला समुद्र. काकीनं डोळे मिटले होते, पण ऐकत होती, रोज माशाचं ऐकायची तसंच, चूक निघते का बघत.

"आईचं नाव, शेवंता."

"बरोबर."

"वडिलांचं नाव, जगन्नाथ."

"बरोबर. फुडे?"

"पती किंवा पत्नीचं नाव," मी म्हणाले आणि कागद काउंटरवर ठेवला.

"काय लिवल्यानी?"

"काय नाय. नुसती रेघ आसा."

"खंयसर?"

मी तिचं बोट धरून त्या रेघेवर ठेवलं. कालवं फोडून तिच्या बोटांची कातडी इतकी निबर झाली होती की तिला कागद तरी जाणवला असेल की नाही कोण जाणे. ती बोट तिथेच ठेवून राहिली.

"हयसर तुझा नाव येवचा होता," ती म्हणाली.

मी रडले. दुकानात, दिवसाढवळ्या, शटर उघडं असताना. दोन गिऱ्हाइकं दारातून परत फिरली. काकीनं मला रडू दिलं, मग पदरानं माझं तोंड पुसलं आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"आता फुडचा वाच. तर सुटात."

मी पत्ता वाचला.